निजामाच्या फौजेतले तारापोर

१९६५च्या लढाईतले रणगाडे म्हटले की अब्दुल हमीद आठवतात. जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडणारे हमीद १० सप्टेंबरला खेमकरण भागात शहीद झाले. त्यानंतर सहाच दिवसांनी सियालकोट आघाडीवर परमवीरचक्राचे आणखी एक मानकरी धारातीर्थी पडले. ते लढले रणगाड्यातून. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर हे त्यांचे नाव. फौजेत सगळे त्यांना आदी म्हणत.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, पराक्रमाबद्दल त्यांना गावे इनाम मिळाली आणि त्यांतल्या तारापूरवरून आडनाव आले, असे घराण्यात सांगत. आजोबा हैदराबादेत निजामाच्या करोडगिरी खात्यात, म्हणजे जकातीत, नोकरीला गेले. वडीलही त्याच खात्यात होते. ते फारसी-उर्दूचे चांगले जाणकार. आदींना मात्र लहानपणीच पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात धाडले गेले. १९४० साली ते तिथून मॅट्रिक झाले.

१९४२ मध्ये ते निजामाच्या फौजेत अधिकारी झाले. मिळाले पायदळ, आणि मन ओढत होते चिलखती दलाकडे. एकदा हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवख्या जवानाच्या हातून पिन काढलेला बॉम्ब खंदकातच पडला. तारापोर यांनी उडी घेतली, बॉम्ब उचलून बाहेर फेकला. तो फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. हे सारे सरसेनापती सय्यद अहमद अल इद्रूस समोरून पाहत होते. शाबासकी द्यायला त्यांनी बोलावले, तेव्हा या तरुणाने एकच मागणे मागितले, चिलखती दलात बदली. इद्रूस यांनी ते मान्य केले. अल इद्रूस नसते, तर तारापोर कदाचित पायदळातच राहिले असते.

हैदराबाद लान्सर्समधून ते दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत गेले. निजामाच्या सैन्याबद्दल एका इंग्रज अधिकाऱ्याने तुच्छतेने बोलताच तारापोर यांनी, हा आपल्या देशाचा आणि आपल्या राजाचा अपमान आहे, असे त्याला सुनावले. आणि राजा म्हणजे लंडनचा नव्हे, हेही बजावले, अशी हकिकत सांगतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्यच संपले. इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. तारापोर १९५१ साली भारतीय लष्कराच्या पुना हॉर्स या जुन्या रिसाल्यात दाखल झाले. १९६५ साली लष्करप्रमुख होते तेच चौधरी आणि पुना हॉर्सचे प्रमुख होते तारापोर.

११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईला तोंड लागले. शत्रूचे रणगाडे वजीरवालीकडून चालून आले. तारापोर जखमी झाले, तरी मागे जायला त्यांनी नकार दिला. १४ तारखेला वजीरवाली आणि १६ तारखेला जस्सोरान व बुतूर डोगरांडी त्यांच्या रिसाल्याने घेतले. त्या दिवसांत पुना हॉर्सने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले. चहूबाजूंनी तोफगोळे येत असताना १६ तारखेलाच त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसला आणि त्याने पेट घेतला. तारापोर त्यात गेले. परमवीरचक्र मिळालेल्यांत हुद्द्याने तेच सर्वांत वरिष्ठ.

लढाईपूर्वी त्यांनी आपल्या सहकारी मेजरला काही गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. मरण आले तर रणांगणावरच अग्नी द्यावा, ही त्यांतली पहिली. पारशी धर्मात अग्नी पवित्र मानतात आणि मृतदेह त्याला देत नाहीत. तरी त्यांची इच्छा होती तशीच पाळली गेली. बाकीचे सांगणे साधे होते. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, अंगठी मुलीला आणि पेन मुलाला.