भास्कराचार्य आणि माझे अपूर्णांक

दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पूर्ण वर्ग त्रिपदीचे अवयव मला पाडता येत. पण त्रिपदीत अपूर्णांक आला की हात थबकायचा. वाणिज्य शाखेकडे मी वळलो, तो काही अंशी या भीतीपोटीच. तेथेही अपूर्णांकांनी पाठ सोडली नाही. अखेर भीती मोडली ती भास्कराचार्यांनी.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. इ. स. ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले.

‘बीजगणिता’त वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला, तर जितकी संख्या येते तितकी वानरे रानात खेळत आहेत. उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण वानरे किती? एकूण संख्या क्ष मानली, तर क्ष²/६४ + १२ = क्ष. आचार्य अपूर्णांकाला भीत नाहीत. ६४ ने गुणून तो आधी घालवतात. मग दोन्ही बाजूंत ३२ चा वर्ग मिळवला की (क्ष − ३२)² = २५६. उत्तरे दोन, ४८ आणि १६. वर्ग पूर्ण करण्याच्या या रीतीचे श्रेय ते प्रामाणिकपणे श्रीधराचार्यांना देतात.

अपूर्णांक तसाच ठेवूनही मी करून पाहिले. क्ष²/६४ − क्ष + १६ ही पूर्ण वर्ग त्रिपदीच निघाली! पहिल्या पदाचे वर्गमूळ क्ष/८, शेवटच्याचे ४, आणि त्यांच्या गुणाकाराची दुप्पट बरोबर क्ष. म्हणून (क्ष/८ − ४)² = ४. उत्तरे तीच.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून वर्ग करायचा. तितकी वानरे गुहेत गेली, एक बाहेर दिसते. उत्तरे ५० आणि ५. पण ५ चा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ कशी जाणार? म्हणून आचार्य ५ हे उत्तर सोडून देतात. आकडेमोड बरोबर असली तरी उत्तर व्यवहाराशी ताडून पाहायचे, हा धडा हिशेबाच्या विद्यार्थ्याला फार मोलाचा आहे.

आम्हा अनगोळकरांत त्यांच्या जन्मगावावरून वाद होतो. माझा कन्नड मित्र विजापूर म्हणतो, मी चाळीसगावजवळचे पाटण. स्वतः आचार्यांनी सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे गाव सांगितले आहे. पाटणच्या इ. स. १२०७ च्या शिलालेखात नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तेवढ्याने जन्मगाव ठरत नाही, हे मलाही मान्य करावे लागले.

मग मित्राने कन्नडमध्ये आणि मी मराठीत ते वानरांचे उदाहरण सोडवले. दोघांच्याही वहीत ४८ आणि १६ आले. वाद मिटला नाही; पण माझे अपूर्णांक त्या दिवशी सुटले.