तर्कप्रभावक आचार्य सिद्धसेन दिवाकर

मावळातील पाले येथील लेण्यात दोन हजार वर्षांहून जुना एक ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. अरहंतांना वंदन करून भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याची नोंद त्यात आहे. ही नोंद प्राकृतात, म्हणजे लोकांच्या भाषेत आहे. धर्मविद्या कोणत्या भाषेत सांगावी, या प्रश्नाने पुढे ज्यांच्या आयुष्याला दोनदा वळण दिले, ते जैन न्यायाचे आद्य आचार्य सिद्धसेन दिवाकर होत.

विद्वान त्यांचा काळ चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान मानतात. चरित्र कळते ते मुख्यतः तेराव्या शतकातील प्रभावकचरितासारख्या ग्रंथांतून. जन्माने ब्राह्मण व विद्येचा मोठा अभिमान असलेल्या सिद्धसेनांची प्रतिज्ञा होती की, जो वादात जिंकेल त्याचे शिष्यत्व पत्करावे. वृद्धवादी आचार्यांची गाठ रानात पडली. पंच म्हणून तेथे गुराखीच होते. सिद्धसेन अस्खलित संस्कृतात बोलले, गुराख्यांना काही कळले नाही. वृद्धवादींनी त्यांच्याच बोलीत, ताल धरून अहिंसा व अचौर्य सांगितले. गुराख्यांनी कौल दिला आणि सिद्धसेनांनी दीक्षा घेतली. पंचांना न कळणारा युक्तिवाद कितीही निर्दोष असला तरी पंचांपुढे तो व्यर्थच.

तरीही संस्कृतची ओढ सुटली नाही. आगम संस्कृतात आणण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला, तेव्हा श्रीसंघाने तो आगमांचा अनादर मानून पारांचिक प्रायश्चित्त दिले. बारा वर्षे संघाबाहेर राहावे लागणार होते. उज्जयिनीत विक्रमादित्यावर पडलेल्या प्रभावामुळे ही मुदत पुढे कमी झाली, असे परंपरा सांगते. नवल असे की, त्यांचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ सन्मतितर्क प्राकृतातच आहे!

त्यांच्या नावावरील न्यायावतार हा अवघ्या 32 श्लोकांचा संस्कृत ग्रंथ. काही आधुनिक अभ्यासक त्याचे कर्तृत्व दुसऱ्याकडे देतात. आरंभीच ग्रंथकार स्वतःवर आक्षेप घेतात. प्रमाणे सर्वांना ठाऊक आहेत, व्यवहारही त्यांवरच चालतो. मग लक्षणे सांगण्याचे प्रयोजन काय? उत्तर असे की, नित्य वापरातील गोष्टीविषयीही मनात संभ्रम असतो, तो दूर व्हावा. वैद्य, वकील, व्यापारी अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्र का शिकवावे, याचे याहून नेमके कारण सापडणे कठीण.

पुढे प्रत्यक्ष व परोक्ष प्रमाणे, स्वतःसाठी व दुसऱ्यासाठी केलेले अनुमान आणि हेत्वाभास यांचे विवेचन येते. आषाढात राजमाचीवर चढणारे धुके पाहून लोणावळ्यातील कोणी वणव्याचे अनुमान केले, तर धूर हा हेतूच तेथे नाही. हा असिद्ध हेत्वाभास. डोंगर तापला आहे म्हणून वणवा असावा, हा अनैकांतिक. कारण डोंगर उन्हानेही तापतो. (अनेकांताशी या शब्दाची गल्लत करू नये.)

सन्मतितर्कात त्यांनी हेतूचा प्रांत व आगमाचा प्रांत वेगळे दाखविले आणि अनेकांतावाचून लोकव्यवहारही चालत नाही असे प्रतिपादिले. केवलींच्या ठायी ज्ञान व दर्शन भिन्न नाहीत, हे त्यांचे मत आगमपरंपरेतील अनेकांनी स्वीकारले नाही. ग्रंथ मात्र संघाने जपला. श्वेतांबर व दिगंबर दोहोंनी त्यांना आदराचे स्थान दिले. विसाव्या शतकात पंडित सुखलालजी व पंडित बेचरदास दोशी यांनी गुजरात विद्यापीठातून सन्मतितर्काची, तर डॉ. प. ल. वैद्य यांनी 1928 मध्ये न्यायावताराची आवृत्ती सिद्ध केली.

परंपरेनुसार आचार्यांचा देह आपल्याच महाराष्ट्रात, प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथे पडला. तेथून उज्जयिनीस गेलेल्या एका भाटाने त्यांच्या साध्वी भगिनीसमोर अर्धाच श्लोक म्हटला. दक्षिणेत आता वादी म्हणविणारे काजवे चमकू लागले आहेत, एवढाच त्याचा आशय होता. काजवे चमकतात त्याअर्थी दिवाकर मावळला, हे त्या विदुषीने जाणले आणि उरलेला अर्धा श्लोक स्वतःच पूर्ण केला.