स्वामी कुवलयानंद

गुजरातमधील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका मराठी कुटुंबात जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. तथापि १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले. पुढे १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास यांच्यापाशी ते योग शिकू लागले. हेच गुणे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले.

योगाला त्या काळी कोणी चमत्कार म्हणे, तर कोणी भोंदूपणा. स्वामींना दोन्ही मते पटेनात. गुरूंवर त्यांची अढळ श्रद्धा होती. परंतु शरीरात नेमके काय घडते, हे मोजून पाहिल्यावाचून लोकांस काही सांगणे त्यांना प्रशस्त वाटेना. मोजमाप श्रद्धेच्या विरुद्ध गेले असते तर? तो धोका त्यांनी पत्करला. नौली करताना पोटात काय होते, ते त्यांनी बडोद्यास क्ष-किरणांनी तपासले. आतड्यात निर्वात स्थिती उत्पन्न होते असे आढळताच त्यांनी तिला गुरूंचे नाव दिले.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. सर्वांगासनात पाय वर व डोके खाली असता रक्तदाब किती होतो, हे तेथे यंत्राने मोजले जाई व आकडे छापले जात. १९२७ मध्ये महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला, तेव्हा आसनांविषयी त्यांनी पत्रे लिहून स्वामींचाच सल्ला घेतला.

प्राणायामाने शरीरास पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. योगाची थोरवी वाढविणारा हा समज स्वामींनी मात्र मोडून काढला. प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आज त्याचा उलगडा बराच झाला आहे. मेंदूपासून हृदयापर्यंत एक लांब मज्जातंतू जातो. आपण सावकाश श्वास सोडतो, तेव्हा त्याच्या द्वारे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. नित्य अभ्यासाने वाढलेला रक्तदाबही काहीसा उतरतो. औषधाची जागा मात्र तो घेत नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे देहावसान झाले. लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगाच्या शिक्षणाबरोबर संशोधनाचे काम अद्यापि चालू आहे.