अज्ञातवासींचा संग्रह

तंबाखूचे जुने पाइप जमवणारे शौकीन इंग्लंडात पुष्कळ. ब्रायर या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी लाकडाची टणक गाठ धरते. कारागीर त्यातून पाइप कोरतो. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने (१८७२–१९५९) आपल्या पाइपाच्या नळीवर पांढरा ठिपका बसवला. पुढे त्याच्या पाइपांवर अशा खुणा उठू लागल्या की घडल्याचे सालही जाणकाराला कळावे. नाव आहे म्हणून भाव आहे! आपल्याकडे हुक्का, अडकित्ता, पानाचा डबा घडवणाऱ्याने त्यावर सहसा नाव घातलेच नाही. अशा बिननावाच्या वस्तूंपायी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या दिनकर गंगाधर केळकरांविषयी मला लिहावेसे वाटते.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचे दुकान चष्म्यांचे आणि मन कवीचे. कविता लिहिल्या त्याही 'अज्ञातवासी' या नावाने. १९२० च्या सुमारास त्यांना वस्तू जमवण्याचा नाद लागला. जुने वाडे मोडत होते, सरदार घराण्यांची रया जात होती, माजघरातल्या वस्तू मोडीत निघत होत्या. केळकर तेथे जाऊन पोचत. राजेरजवाड्यांची रत्ने त्यांनी शोधली नाहीत. त्यांना हवे होते दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे, खेळणी, हुक्के. अडकित्ते तर किती परींचे! कुठे घोडा, कुठे मोर, कुठे राघू. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. पण लोहाराला तेवढ्याने समाधान नव्हते, हे त्या अडकित्त्यांपुढे उभे राहिल्यावर मला उमगले.

आमच्या जळोचीत माझ्या लहानपणी ओसरीवर पानाचे तबक असे. पाहुण्याला आधी पाणी, मग पान. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, हाती पैसा आला, तशी स्टीलची भांडी आली आणि पितळ मोडीत गेले. त्याबद्दल कुणाला बोल लावावा? घासायला सोपे ते बाईला हवेच असते. आता जळोची बारामती शहरातच सामावली आहे. म्हणूनच केळकरांची निकड मला पुस्तकी वाटत नाही. ते दहा वर्षे थांबले असते, तर कित्येक वस्तू भट्टीत गेल्या असत्या.

पत्नी कमलाबाईंची या खटाटोपात त्यांना साथ होती. संसाराला लागणारा पैसा वस्तूंकडे वळत असताना ती देणे सोपे नव्हते. त्यांचा मुलगा राजा बालवयातच गेला. संग्रहालयाला केळकरांनी त्याचे नाव दिले. 'राजा दिनकर केळकर' हे ऐकून कुणा संस्थानिकाचा संग्रह असावा असे अनेकांना वाटते. मलाही सहलीला जाईपर्यंत तसेच वाटत होते. त्यात दिनकर हे केवळ बापाचे नाव म्हणून आले आहे.

१९६० पर्यंत संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या घरात गेला. कोथरूडचा मस्तानी महाल मोडत होता, त्याचे भाग आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. पुढे सारे काही महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. १७ एप्रिल १९९० रोजी ते वारले. बाजीराव रस्त्याजवळच्या त्या वास्तूत आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागा अपुरी, त्यामुळे मांडलेल्या थोड्या आणि पेट्यांत पडून असलेल्या फार.