नकोशा चित्रपटाने अजरामर झालेले उस्मार इस्माईल

नवी दिल्ली, ३० मार्च : इंडोनेशियात आज राष्ट्रीय चित्रपट दिन साजरा होत आहे. १९५० साली याच तारखेला पश्चिम जावामध्ये उस्मार इस्माईल यांच्या ‘दाराह दान दोआ’ (रक्त आणि प्रार्थना) या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू झाले होते. इंडोनेशियन चित्रपटसृष्टीचे जनक मानल्या जाणाऱ्या या दिग्दर्शकाला लोकप्रियता मात्र मिळाली ती त्यांना स्वतःला फारशा न रुचलेल्या एका चित्रपटामुळे.

उस्मार यांचा जन्म २० मार्च १९२१ रोजी सुमात्रातील बुकिटिंगी येथे झाला. जपानी अंमलाच्या काळात ते जाकार्तात नाटके लिहीत व बसवीत असत. स्वातंत्र्यलढ्यात ते लष्करात मेजर होते आणि पत्रकारही. १९४८ मध्ये ‘अंतारा’ या वृत्तसंस्थेसाठी वाटाघाटींचे वार्तांकन करीत असताना डचांनी त्यांना तुरुंगात टाकले. सुटकेनंतर डच कंपनीसाठी त्यांनी दोन चित्रपट केले. पण तेथे शब्द अखेर मालकाचाच चाले. म्हणून १९५० मध्ये त्यांनी ‘परफिनी’ ही स्वतःची संस्था काढली.

‘दाराह दान दोआ’ सिलिवांगी तुकडीच्या दीर्घ कूचाची कथा सांगतो. त्यातील कॅप्टन शूर कमी आणि द्विधा अधिक आहे. काही लष्करी अधिकाऱ्यांना हे खटकले, शिवाय चित्रपटही चालला नाही. पुढे अमेरिकेत चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन आल्यावर १९५४ मध्ये त्यांनी ‘लेवात जाम मालाम’ (संचारबंदीनंतर) केला. नागरी जीवनात जागा न सापडणारा माजी सैनिक आणि स्वातंत्र्यानंतर गब्बर झालेले त्याचे जुने सहकारी अशी ही बांडुंगमधील कथा आहे. पुढच्याच वर्षी ज्या शहरात आशिया-आफ्रिका परिषदेसाठी पंडित नेहरू गेले, तेच हे बांडुंग. नव्या राष्ट्राला इतक्या लवकर आरसा दाखवणे सोपे नव्हते, आणि हीच त्यांची सर्वोत्तम कृती म्हणावी लागेल.

परंतु कौतुकाने कर्ज फिटत नाही. चित्रपटगृहांवर हॉलिवूडची, तसेच हिंदी व तमिळ चित्रपटांची पकड होती. आपल्याकडील गाणी व नृत्यांची मोहिनी तेथील निर्मात्यांना चांगलीच महागात पडत होती. सरकार संरक्षण देत नाही, या निषेधार्थ १९५७ मध्ये निर्मात्यांनी स्टुडिओच बंद ठेवले.

परफिनीला वाचवण्यासाठी उस्मार यांनी अनिच्छेनेच ‘तिगा दारा’ (तीन तरुणी) हा संगीतमय चित्रपट केला. थोरल्या नातीच्या लग्नाची आजीला लागलेली काळजी आणि त्यातून तीन बहिणींत होणारे रुसवे-फुगवे, एवढेच त्याचे कथानक. १९५७ मध्ये तो झळकला आणि तुफान चालला. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या प्रासादातही त्याचा खेळ झाला.

त्यानंतर ‘पेजुआंग’मधील भूमिकेसाठी बांबांग हेरमांतो यांना १९६१ च्या मॉस्को महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले. उस्मार काही वर्षे संसदेतही होते. त्यांच्या अखेरच्या चित्रपटाचे ‘आनंदा’ हे नाव मराठी वाचकाला उलगडून सांगावे लागणार नाही. २ जानेवारी १९७१ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे जाकार्तात निधन झाले.

‘लेवात जाम मालाम’ची डागडुजी केलेली प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवण्यात आली. २०२१ मध्ये सरकारने उस्मार यांना मरणोत्तर ‘राष्ट्रीय वीर’ हा बहुमान दिला. ‘तिगा दारा’ मात्र त्याआधीच, २०१६ मध्ये, नव्या झळाळीसह इंडोनेशियाच्या चित्रपटगृहांत परतला होता.