लंडनहून अर्ध्यावर परतलेला विद्यार्थी : बाबासाहेबांनी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि कॉलेज का उभारले?

जून-जुलै आला की नागपूरच्या कॉलेजांमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू होते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून मुले-मुली येतात. हातात गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि सोबत आई नाही तर वडील. दीक्षाभूमीच्या आवारातील डॉ. आंबेडकर महाविद्यालयात आलेले पालक आधी स्तूपाला वंदन करतात आणि मग प्रवेशाच्या रांगेत उभे राहतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बाबासाहेबांचा तोच फोटो असतो : कोट, चष्मा, हातात पुस्तक आणि नावापुढे पदव्यांची लांबलचक ओळ.

त्या पदव्यांच्या ओळीमागे एक गोष्ट दडलेली आहे. १९१७ साली याच विद्यार्थ्याला पैशाअभावी लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले होते. प्रवेश मिळाला होता, बुद्धी होती, मेहनत होती. तरीही शिक्षण थांबले. बाबासाहेबांनी पुढे विद्यार्थ्यांसाठी जे जे उभे केले, ते समजून घ्यायचे असेल तर हे वर्ष लक्षात ठेवले पाहिजे.

२८२ गुणांचा विद्यार्थी

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात वेगळे बसणे, नळाला हात लावता न येणे, हे सगळे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवत, कारण तेव्हाच त्या खोलीत अभ्यासाला शांतता मिळे. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले, की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या गुणवत्ता यादीत हा मुलगा कुठे दिसला असता, याचा विचार करून पाहा. त्या काळात मात्र अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी घटना होती. त्यानिमित्त सत्काराची सभा भरली. त्या सभेत विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजी आधीपासून ओळखत होते. वाचायचे काय, हे ते त्याला सांगत.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना घरची ओढाताण वाढली, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच त्यांची सयाजीराव गायकवाड महाराजांशी भेट घडवून आणली. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले.

इथे थोडे थांबू या. या मुलाला हेरले एका शिक्षकाने. योग्य दारापर्यंत नेले त्यानेच. खर्च उचलला एका राजाने आणि रोजची अडचण भागवली एका प्राध्यापकाने. यातले एक माणूस जरी नसते, तरी पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

न्यूयॉर्क, लंडन आणि थांबलेली शिष्यवृत्ती

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी भीमरावांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली. शिष्यवृत्तीतूनच पोट मारून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, असे दोन्हीकडे नाव घातले. अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना निघावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची मुभा दिली, एवढाच काय तो आधार. सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते. महायुद्धाचे दिवस होते. ते जहाज पाणतीराने बुडाले आणि त्यांची पुस्तकेही गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. परदेशी शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. तिथे जात कळली आणि लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाईसुद्धा फायली लांबून टाकत. शेवटी बडोदा सोडून ते मुंबईला परतले.

शिक्षण मिळाले म्हणजे सगळे मिळाले, असे होत नाही, हे त्यांनी त्या दिवसांत स्वतः भोगले. जिथे शिकायचे किंवा काम करायचे, तिथे डोक्यावर छप्पर हवे, जेवण हवे आणि मान ताठ ठेवून राहता आले पाहिजे.

लोकांच्या मदतीने पूर्ण केलेली पदवी

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातला पैसा काटकसरीने बाजूला काढला. काही मदत राजर्षी शाहू महाराजांनी केली. नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० च्या मे महिन्यात नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची परिषद भरली. तिच्यात तरुण आंबेडकरही होते. ही परिषद झाल्यानंतर काही आठवड्यांतच, जुलैमध्ये, ते पुन्हा लंडनला रवाना झाले.

या वेळचे लंडन अधिक कठीण होते. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जायचे आणि बंद होईपर्यंत वाचायचे. दुपारचे जेवण जवळजवळ नाहीच. रात्री भूक लागली की भाजलेले पापड. इकडे मुंबईत रमाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. या दांपत्याच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. बाबासाहेबांच्या पदव्यांवर रमाईंचाही तेवढाच हक्क आहे.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून द्यावा लागे. तो १९२५ मध्ये छापून झाला आणि पीएच.डी.ची पदवी हातात आली १९२७ मध्ये.

आधी वसतिगृह

जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. लक्षात घ्या, पहिले काम कॉलेज काढण्याचे नव्हते. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला दिवा मिळावा, हे होते. मुंबईत मोफत वाचनालय काढले. तरुणांनी दारू-जुगारापासून दूर राहावे म्हणून हॉकी क्लबही काढला. वसतिगृहातली मुले स्वतःचे मासिक चालवत. १९२८ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि सरकारच्या मदतीने आणखी वसतिगृहे सुरू केली.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे समोर ठेवले होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचत होती. बाकीची ८२ कुठे जातात, हा त्यांचा सवाल होता. सरकार पटावरची संख्या सांगत होते. बाबासाहेब मधेच सुटलेल्या मुलांचा हिशेब मागत होते. हा दृष्टिकोन १९१७ साली स्वतः अर्ध्यावर सुटलेल्या विद्यार्थ्याचा होता.

आपल्या नागपुरातही हीच ओढ होती. जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली, तीही समाजाच्या बळावर.

तीन लाखांची तरतूद

जुलै १९४२ मध्ये नागपुरात मोठी परिषद झाली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार हाती घेतला. दिल्लीत बसल्यावर त्यांनी ज्या गोष्टी प्रथम लावून धरल्या, त्यांत उच्च शिक्षणासाठीचा पैसा होता. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. बनारस विद्यापीठाला सरकार दरवर्षी तीन लाख देते, अलिगढला तीन लाख देते, मग अस्पृश्यांच्या मुलांना का नाही? तीन लाखांची तरतूद झाली. त्यातून काही विद्यार्थी परदेशीही गेले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज आपण महाडीबीटीवर जो अर्ज भरतो, त्याचे मूळ इथे आहे.

पूर्वी शिष्यवृत्ती एखाद्या महाराजांच्या मर्जीवर होती. बाबासाहेबांनी तिला सरकारच्या अंदाजपत्रकात जागा मिळवून दिली. आता ती कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे कॉलेज

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. घर चालवण्यासाठी नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे, म्हणून इथे सकाळचे वर्ग ठेवले. मुलाने नोकरी सोडून कॉलेजला यावे, अशी अपेक्षा नव्हती. कॉलेजनेच आपली वेळ बदलली. दारे सगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती आणि प्राध्यापकही सगळ्या समाजांतले होते.

नंतर १९५० मध्ये औरंगाबाद. निजामाच्या राजवटीतून नुकताच मोकळा झालेला मराठवाडा उच्च शिक्षणात फार मागे होता. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि ते गरिबाच्या मुलाला परवडणारे नव्हते. म्हणून कॉलेज मुलांपर्यंत नेले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि न चिडता उत्तर देणारा भिक्खू, ही दोन्ही नावे एकाच आवारात आली. तिथल्या वसतिगृहांत राहून शिकलेली पिढी पुढे दलित साहित्यात आणि चळवळीत दिसली.

नागपूर, १४ ऑक्टोबर

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी एक मोठी खंत बोलून दाखवली. समाजाच्या पैशावर आणि संघर्षावर शिकलेले लोक समाजाकडे पाठ फिरवून आपल्याच संसारात रमले, याचे दुःख त्यांना होते. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली, ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली, त्यांनी मागून येणाऱ्याचा हात धरला नाही.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या जमिनीवर दीक्षा झाली, तिथे स्मारक समितीने १९६४ मध्ये कॉलेज सुरू केले. दीक्षाभूमीवर स्तूपाशेजारी कॉलेज असणे, हे बाबासाहेबांच्या सगळ्या आयुष्याशी जुळते.

आता आपली पाळी

आज नागपुरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहे आहेत, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. कागदावर खूप काही आहे. पण अर्जातली एक चूक, आधारशी न जोडलेले बँक खाते, वेळेत न काढलेले जात पडताळणी प्रमाणपत्र किंवा उशिरा आलेला हप्ता, एवढ्यावरूनही एखादी मुलगी पहिल्याच वर्षी गावी परत जाते. तिचे १९१७ साल असे गुपचूप येते. त्याची बातमी होत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती. प्रवेशाच्या काळात प्रत्येक मोठ्या विहारात एक टेबल लावा. दोन सीनियर विद्यार्थी, एक लॅपटॉप आणि योजनांच्या तारखांचा कागद, एवढे पुरे. आपल्या वस्तीतून, आपल्या तालुक्यातून कोण प्रवेश घेऊन आले, याची वही ठेवा. दिवाळीनंतर ती वही पुन्हा उघडा आणि प्रत्येकाला फोन करा : कॉलेज सुरू आहे ना? खोलीचे भाडे भरले ना? शिष्यवृत्ती जमा झाली ना? नोकरीत असलेल्यांनी एका विद्यार्थ्याची मेस किंवा परीक्षा फी उचलली, तर तो नवल भथेनांचाच वारसा होईल.

भीमरावांना एक केळुसकर गुरुजी भेटले. नागपूरच्या बसस्थानकावर पेटी घेऊन उतरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला असे माणूस भेटलेच पाहिजे. ते माणूस आपण व्हायचे आहे.

जय भीम!