हिमशिखराचे मानकरी तेनसिंग



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या कार्यवाह बाईंनी मला सांगितले. मी शेर्पा तेनसिंग नोर्गे यांचे नाव घेतले, तेव्हा काहीजणींना नवल वाटले. सातवी शिकलेल्या बाईने एव्हरेस्टची वाट कशाला धरावी! पण ज्यांच्याविषयी लिहायचे ते कधी शाळेत गेले नव्हते. लिहिता-वाचता येत नसताना ते जगाच्या माथ्यावर जाऊन आले आणि पुढे मोठमोठ्या शिकलेल्यांचे गुरू झाले. म्हणून हा धीर केला आहे.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. तेरा भावंडांत ते अकरावे; त्यांतली बरीच लहानपणीच गेली. नेपाळमधील थामे गावात ते याक राखीत वाढले. आईवडिलांनी ठेवलेले नाव निराळेच होते. एका लामाच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे केले. नोर्गे म्हणजे भाग्यवान. मुलाने शिकावे म्हणून त्यांना मठात ठेवले होते, पण तिथे मार बसताच ते घरी पळून आले. समोर एव्हरेस्ट होते. त्यांचे लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत.

१९३२ साली ते घर सोडून दार्जिलिंगला आले. गाई राखायच्या आणि दूध विकायचे, हे पोटाचे साधन. परदेशी साहेबांच्या मोहिमा तिथूनच निघत. १९३३ च्या मोहिमेत त्यांना कोणी घेतले नाही. १९३५ साली मात्र हमाल म्हणून घेतले. हमालाने तंबू, दोर, शिधा पाठीवर घेऊन एका मुक्कामावरून वरच्या मुक्कामावर न्यायचा, पुन्हा खाली यायचे, पुन्हा वर जायचे. शिखर साहेबांचे, ओझे शेर्प्यांचे, अशी ती रीत होती. १९३६ आणि १९३८ सालीही ते एव्हरेस्टवर गेले. १९३८ साली फार उंचावर ओझी पोहोचवली, म्हणून त्यांना ‘टायगर’ पदक मिळाले.

घरचे दिवस सोपे नव्हते. पहिली पत्नी दावा फुती १९४४ साली दूर चित्रालमध्ये वारली. एक मुलगा आधीच गेला होता. पेम पेम आणि निमा या दोन लहानग्या मुलींना घेऊन तेनसिंग दार्जिलिंगला परत आले. तिथे १९४५ साली अंग ल्हामू या बाईंशी त्यांनी लग्न केले. अंग ल्हामू आयाचे काम करीत; त्या कामापायी त्या लंडनलाही जाऊन आल्या होत्या. त्यांनी सवतीच्या मुली आपल्या मानल्या. महायुद्धामुळे मोहिमा थंडावल्या होत्या, हाताला काम नव्हते. त्या काळात दुसऱ्यांची मुले सांभाळून या बाईंनी घर चालवले. एव्हरेस्टच्या गोष्टीत हे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझे माहेर सांगलीचे. तिथे कृष्णामाईचा घाट आणि भोवती सपाट रान. लग्न होऊन साताऱ्यास आले आणि पहिल्यांदा अजिंक्यतारा चढले, तेव्हा धाप लागली होती. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट. एव्हरेस्ट २९,०३२ फूट, म्हणजे ८,८४८.८६ मीटर. इतक्या उंचीवर हवाच विरळ, दोन पावले टाकली की उभे राहून श्वास घ्यावा लागतो.

१९५२ साली स्विस मोहिमेत तेनसिंग प्रथमच हमाल नव्हे तर बरोबरीचे गडी म्हणून वर चढले. रेमंड लांबेर हे त्यांचे सोबती. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. एका रात्री अंथरूण-पांघरुणावाचून त्यांनी तंबूत बसून काढले आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून घसा ओला केला. सकाळी ते सुमारे २८,२०० फुटांवर पोहोचले. त्याआधी तितक्या उंचीवरून कोणी जिवंत परतल्याची नोंद नव्हती. पण तिथून मागे फिरावे लागले. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी ते पुन्हा गेले, पुन्हा परतले, आणि पाटण्याच्या इस्पितळात तापाने पडून राहिले.

म्हणून १९५३ साली इंग्रजांचे बोलावणे आले, तेव्हा अंग ल्हामूंना ते पसंत नव्हते. पण निघायचे ठरल्यावर त्यांनी आडकाठी केली नाही. निमाने आपली लाल-निळी पेन्सिल वर ठेवायला दिली. एका स्नेह्याने भारताचा झेंडा दिला.

ही त्यांची सातवी खेप. सोबत न्यूझीलंडचे एडमंड हिलरी; घरचा धंदा मधमाश्या पाळण्याचा. शेवटच्या मुक्कामी हिलरींचे बूट रात्रीत दगडासारखे गोठले. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास दोघे माथ्यावर उभे राहिले. तेनसिंग यांच्या गळ्यात लांबेरनी दिलेला तांबडा रुमाल होता. बर्फात त्यांनी थोडी मिठाई आणि लेकीची पेन्सिल पुरली. पाव तास थांबून दोघे उतरले.

खाली आल्यावर लोकांचा एकच प्रश्न, आधी कोण? दोघांनी मिळून पोहोचल्याचेच सांगितले. पुढे १९५५ च्या आत्मचरित्रात तेनसिंग यांनी हिलरी थोडे पुढे होते, हे मोकळेपणी सांगून टाकले. एका दोराला बांधलेल्या माणसांत पुढचा-मागचा असा मान नसतो, हा त्यांचा भाव. इंग्लंडने हिलरी आणि मोहिमेचे पुढारी हंट यांना ‘सर’ केले, तेनसिंग यांना पदक दिले. १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले.

१९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली आणि प्रत्यक्ष शिक्षणाची सारी जबाबदारी तेनसिंग यांच्यावर आली. १९५९ साली निरनिराळ्या देशांच्या बायकांची चो ओयू शिखराची मोहीम निघाली. तिच्यात पेम पेम, निमा आणि त्यांची पुतणी अशा तिघी होत्या. त्या मोहिमेत चौघांचा अंत झाला. या तिघी सुखरूप परतल्या. डोंगर काय घेतो हे तेनसिंग यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांच्या घरच्या लेकी घरात बसल्या नाहीत. अंग ल्हामू १९६४ साली गेल्या. १९८४ साली बचेंद्री पाल ही पहिली भारतीय स्त्री एव्हरेस्टवर पोहोचली, ते पाहण्याचे भाग्य तेनसिंग यांना लाभले. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपल्या साताऱ्याची गोष्ट. इथली प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्ट चढली आणि २०२२ साली भारतातले सर्वांत उंच शिखर, कांचनजंगा, चढून आली. तिला सरकारने दिलेल्या साहस-पुरस्कारावर तेनसिंग नोर्गे यांचेच नाव आहे.

माझ्या धाकटीनेही दार्जिलिंगच्या त्याच संस्थेच्या वर्गास जायचे म्हटले, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंचा जीव अजून तयार नाही, आणि माझाही खालीवर होतो, हे लपवीत नाही. पण अजिंक्यतारा ती रोज पहाटे पाठीवर ओझे घेऊन चढते आहे. या उन्हाळ्यात तिला पाठवायचे आम्ही ठरवले आहे. तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. मंडळातल्या कोणाला जाड विणीचा चांगला नमुना ठाऊक असेल, तर जरूर दाखवावा.